मागचा ॲक्सल धरायचा कुणी?

प्रश्न (चाळीसगाव): माझ्याकडे १९६७ची मस्टँग आहे. मागच्या मालकाने तिच्यात नंतरचं ३०२ व्ही-एट बसवलंय, तीनेकशे हॉर्सपॉवरचं. जागेवरून जोरात काढली की मागून दडदडदड होतं आणि गाडी उड्या मारते. गॅरेजवाले म्हणतात दोन पाटे वाढवा. मित्र म्हणतो पाटे फेक, फोर-लिंक किट मागव, म्हणजे ॲक्सल चार दांड्यांनी धरणारं. आते काय करानं?

उत्तर: भाऊ, आधी दोघांनाही थांबवा.

तुमच्या पाट्यांवर दोन कामं आहेत: वजन पेलायचं आणि ॲक्सल जागेवर धरायचा. वजन ते मजेत पेलतात, अडतं दुसऱ्या कामात. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४०० न्यूटन-मीटर धरा, पहिला गिअर २.७८, डिफरन्शियलचं रेशो ३.५०. गुणाकार केला की मागे साधारण ३,९०० न्यूटन-मीटर पोचतात. चाकं ज्या जोराने पुढे फिरतात, त्याच जोराने ॲक्सलचं हाउसिंग उलटं फिरायला बघतं, आणि त्याला अडवायला असतो मुख्यतः पाट्याचा पुढचा अर्धा भाग. तो नागमोडी वाकतो, डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं, मग पाटा पीळ सोडतो, टायरची पकड सुटते, पुन्हा बसते, पुन्हा सुटते. तुमची दडदड ती हीच.

पैसे काढण्याआधी एक करा. पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या कडेला पाट्यापासून खालच्या प्लेटपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढा आणि मोकळ्या जागी दहा वेळा गाडी जोरात काढा. रेघ मध्येच तुटून सरकलेली दिसली, तर यू-बोल्ट ढिले आहेत किंवा सेंटर बोल्ट गेलाय. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला बुशही बघा. रबर एका बाजूला चेंगरून नुसती कातडी उरली असेल, तर कुठलंही किट आणा, आवाज तसाच राहील.

आपल्याकडचे पाटेवाले हाताचे पक्के, पण तो हात ट्रकवर बसलेला: गाडी बसली की पाटा वाढव. कापसाच्या ट्रकला ते चालतं. तुमच्या गाडीत अख्खे पाटे वाढवले, तर पुढचा-मागचा दोन्ही भाग कडक होणार आणि गतिरोधकावर मागची चाकं हवेत राहणार. मीही एका गिऱ्हाइकाच्या गाडीत हे केलंय आणि स्वतःच्या खर्चाने परत काढलंय. कडकपणा हवा तो पुढच्या भागात. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत ॲक्सल पाट्याच्या मधोमध नसून पुढे सरकवलेला असे, म्हणजे पुढचा भाग आखूड आणि ताठ. त्या गाड्या पाट्यांवरच जोरात सुटायच्या.

तेव्हा आधी बुश, यू-बोल्ट आणि चांगले शॉक. मग ट्रॅक्शन बार, म्हणजे ॲक्सलला उलटं फिरू न देणारे दांडे. मस्टँगला वेगळी चेसीस नाही, म्हणून पुढचे-मागचे रेल जोडणारे सबफ्रेम कनेक्टरही लागतील. नाहीतर पकड वाढेल आणि पीळ बॉडीत जाईल. मग दारं नीट लागत नाहीत म्हणून पुढचं पत्र येईल. तीनशे हॉर्सपॉवरला एवढं पुष्कळ झालं.

प्रश्न (शहादा): असं काम केलेली गाडी आरटीओत अडकते का?

उत्तर: अडकू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदी आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल चालत नाही. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ येतं, पण चेसीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा ही अट आहे. (चाळीसगावच्या भाऊंनी हे दोनदा वाचावं.) म्हणून माझा कल बोल्टवर बसणाऱ्या आणि उद्या काढता येणाऱ्या कामाकडे असतो. वेल्डिंगचा गन उचलण्याआधी नंदुरबारच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या.

प्रश्न (धुळे): माझी जुनी अमेरिकन गाडी वेगळ्या चेसीसची आहे, इंजिन चारशे हॉर्सपॉवरच्या पुढे. फोर-लिंक करायचंच ठरलंय. चारही दांडे समांतर ठेवून पॅनहार्ड रॉड (ॲक्सल ते चेसीस असा आडवा दांडा) घ्यावा, की वरचे दोन तिरके?

उत्तर: चारशेच्या पुढे पाटे सोडणं पटतं. फोर-लिंकमध्ये कामं वाटली जातात: स्प्रिंग वजन पेलते, दांडे ॲक्सल धरतात.

वरचे दांडे तिरके केले की पॅनहार्ड लागत नाही. पण वळणावरचा सगळा आडवा जोर त्या दोन दांड्यांच्या बुशवर येतो, आणि सायलेन्सरचा पाइप न्यायला जागा उरत नाही. समांतर दांड्यांत ॲक्सल आडवा धरतो तो पॅनहार्ड. त्याचा दोष असा की तो एका टोकावर झुलतो, म्हणून चाक वर गेलं की ॲक्सल थोडा बाजूला सरकतो. रॉड ९०० मिलिमीटरचा आणि आडवा सपाट बसवलेला असेल, तर ७५ मिलिमीटर उचलीला सरक साधारण ३ मिलिमीटर. तोच ५०० मिलिमीटरचा घेतला तर साडेपाचच्या पुढे. लांब आणि सपाट ठेवा, म्हणजे कन्नड घाटातही जाणवणार नाही. दोन आडवे दांडे आणि मध्ये फिरती पट्टी असलेल्या वॅट्स लिंकेजमध्ये ही सरक जवळपास जाते, पण सांधे वाढतात. रोजच्या गाडीला मी तो नाद करत नाही.

खरा घोळ बुशमध्ये होतो. एक चाक खड्ड्यात, एक वर, अशा वेळी दांड्याला स्वतःभोवती पिळायची मोकळीक लागते. दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेनचे बुश ठोकले तर सस्पेन्शन आखडतं आणि ब्रॅकेटच्या वेल्डला चिरा जातात. शर्यतीचे रॉड-एंड, म्हणजे दांड्याच्या टोकाचे धातूचे गोल सांधे, मोकळे फिरतात खरे, पण आपली काळी माती सुकून उडायला लागली की ती धूळ आत शिरून त्यांना खाते, आणि ते खुळखुळ्यासारखे वाजतात. चांगलं जाड रबर घ्या. दिसायला गावठी, टिकायला पक्कं.

प्रश्न (भुसावळ): जग्वारचा अख्खा इंडिपेंडंट रिअर (मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं सस्पेन्शन) स्वस्तात मिळतोय. घेऊ?

उत्तर: नको. १९६१पासूनचं ते नावाजलेलं डिझाइन आहे आणि गाडी त्यावर पाण्यासारखी चालते. पण त्याच्या ब्रेकच्या डिस्क डिफरन्शियलला चिकटून असतात. ब्रेकची सगळी आच ऑइल सीलवर. त्यात आपला मे महिना.

प्रश्न (रावेर): लाइव्ह ॲक्सलवर (दोन्ही चाकं जोडणारा अखंड ॲक्सल) कॉइलओव्हर, म्हणजे शॉकवरच चढवलेली स्प्रिंग, बसवतोय. स्प्रिंग किती कडक घ्यावी? लग्नसराईत गाडी नवरदेवासाठी जाते, मागे तिघे बसतात.

उत्तर: शेवटचं वाक्य लिहिलंत ते फार बरं केलंत, लोक नेमकं तेच लपवतात.

मागच्या एका कोपऱ्यावर, चाक-ॲक्सल सोडून, ३०० किलो धरा. रस्त्यावरच्या गाडीचं मागचं अंग सेकंदाला सुमारे १.४ वेळा डोलावं. त्या हिशेबाने चाकाजवळ मिलिमीटरला २३ न्यूटनची स्प्रिंग येते. कॉइलओव्हर २० अंश कलता बसवलात तर तेवढ्याच परिणामाला २६ लागते. जितका कलता, तितकी स्प्रिंग मऊ पडते. आता मागे तिघे, म्हणजे अंदाजे २०० किलो, एका बाजूला १०० आले, की गाडी ४२ मिलिमीटर बसणार. म्हणून गाडी रिकामी असताना ॲक्सल आणि बम्पस्टॉप (ॲक्सल वर आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) यांच्यात किमान ९० मिलिमीटर तरी मोकळे हवेत. जागा कमी असेल तर स्प्रिंग कडक करण्याआधी गाडी थोडी उंच ठेवा, नाहीतर उरलेलं वर्षभर एकटे फिरताना कंबर तुमचीच दुखेल.

बसवून झालं की घट्ट मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा बम्पस्टॉपवर चिकटवा, मागे तिघांना बसवा आणि फैजपूरपर्यंत एक चक्कर मारून या. गोळा जरासा दबलेला आला तर जमलं. पापडासारखा चपटा झाला तर स्प्रिंगच्या खालचा कॉलर चार-पाच आटे वर घ्या आणि पुन्हा चक्कर मारा.