वाचकांचे प्रश्न: भूकरमापक व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : काका नमस्कार, मी करमाळा तालुक्यातला. बारावी आर्ट्स झालंय, ५८ टक्के. आमच्या गटाची मोजणी झाली तेव्हा ते मोजणीवाले साहेब हातात काठीसारखं मशीन घेऊन फिरत होते, मला ते काम लय आवडलं. दोन-तीन जणांना विचारलं तर एक म्हणतो बारावीवर फॉर्म भर, दुसरा म्हणतो इंजिनिअर लागतो. गणित माझं बरं आहे पण इंग्रजी कच्चं. मशीन शिकायचा काही क्लास असतो का, म्हणजे आत्तापासून लावता येईल? पुढं काय करू ते नीट सांगा.

उत्तर : तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण पगार किती आणि सुट्ट्या किती हे विचारणारे खूप असतात, काम बघून आवडलं असं लिहिणारा क्वचित. आधी शिक्षणाचं सांगतो. नुसत्या बारावीवर भूकरमापकाचा, म्हणजे जमीन मोजणाऱ्या सरकारी माणसाच्या पदाचा, फॉर्म भरता येत नाही. एक तर सिव्हिलचा डिप्लोमा लागतो, नाहीतर दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड, तो दोन वर्षांचा. तुझ्यासाठी आयटीआयचा रस्ता सरळ आहे, कारण तिथं प्रवेश दहावीच्या मार्कांवर मिळतो आणि आर्ट्स-सायन्सचा काही संबंध येत नाही. मात्र सर्व्हेअर ट्रेड प्रत्येक आयटीआयत नसतो, म्हणून प्रवेशाचं ऑनलाइन सुरू झालं की आसपासच्या जिल्ह्यांतल्या सगळ्या संस्थांची यादी बघ आणि लांब मिळालं तरी जा, दोन वर्षांचाच प्रश्न आहे. याशिवाय टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द. नेमणुकीनंतर दोन वर्षांत मिळवलं तरी चालेल अशी सवलत मागच्या जाहिरातींत होती, पण तू आयटीआय करता करताच उरकून टाक, नंतर फिल्डवर जायला लागलास की संध्याकाळी बोटं चालत नाहीत.

पद भूमी अभिलेख विभागातलं, गट क. पगार एस-६ म्हणजे १९,९०० ते ६३,२००, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. भरती प्रदेशाप्रमाणे होते, पुणे, कोकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर असे सहा प्रदेश. जाहिरात दरवर्षी येईलच असं धरून बसू नकोस. २०२१ च्या डिसेंबरमध्ये १०१३ पदांची आली, तिची परीक्षा व्हायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्यानंतरची मोठी जाहिरात थेट २०२५ च्या ऑक्टोबरात, ९०३ पदांची. म्हणून आयटीआय झाल्यावर घरी पुस्तकं घेऊन बसायचं नाही, कुठल्यातरी खासगी सर्व्हेअरकडं नाहीतर रस्त्याच्या कंत्राटदाराकडं हाताखाली लागायचं, पैसे कमी मिळाले तरी चालतील, ऑटो लेव्हल (उंचसखलपणा मोजायचं यंत्र) लावायला आणि टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र) धरायला हात बसतो. खुल्या वर्गाला वयाची मर्यादा ३८ आहे, तुझ्याकडं वेळ भरपूर आहे. परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणित-बुद्धिमत्ता असे चार भाग असतात आणि चौघांना सारखंच वजन, त्यामुळं इंग्रजी कच्चं ठेवून जमणार नाही. रोज अर्धा तास व्याकरण कर, नेमाने.

आता मशीनचं. रोव्हरच्या क्लासला आत्ता पैसे घालू नकोस. रोव्हर म्हणजे तू बघितलीस ती काठी, तिच्या डोक्यावरचा रिसिव्हर उपग्रहांचे सिग्नल घेतो आणि कॉर्स नावाची कायमची स्टेशनं आहेत, आपल्या राज्यात ७७, त्यांच्याकडनं इंटरनेटवरून दुरुस्ती घेऊन जागच्या जागी काही सेंटिमीटरपर्यंत ठिकाण सांगतो. बटणं दाबायला चार दिवसांत येतं, मोठ्या झाडाखाली फिक्स, म्हणजे पक्कं ठिकाण, मिळत नाही मग काय करायचं हेही महिनाभरात कळतं. पण तू उभा आहेस ते ठिकाण कुठलं एवढंच ते मशीन सांगतं, बांध कुठं असायला पाहिजे ते सांगत नाही. ते टिपणात असतं, आणि टिपण वाचायला मात्र वर्ष लागतं.

टिपण म्हणजे त्या जमिनीची मूळ मोजणी ज्या कागदावर उतरवली तो कच्चा नकाशा. आपल्याकडची ही सर्व्हेची पद्धत १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात बसत गेली, म्हणजे तुझ्या शेजारीच की. त्या काळी ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि काटकोन काढायला शंकू. शेताच्या मधून शंकूची रेषा टाकायची, त्या रेषेवर चालत जायचं आणि प्रत्येक कोपऱ्यासमोर आलं की लंब काढून तो साखळी-आण्यात लिहायचा. मग शेताचे त्रिकोण आणि चौकोन पडतात, त्यांचे गुणाकार गुणाकार बुकात. यातली गंमत बघ, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे बरोब्बर एक गुंठा, १०८९ चौरस फूट, तेव्हा पाया ६ साखळ्या आणि लंब ३ साखळ्या असला की त्रिकोण ९ गुंठ्यांचा, आणि ५ बाय ८ साखळ्यांचं शेत म्हणजे पुरा एकर. तुझं गणित बरं आहे ना, मग हे तुला गोड लागेल.

एक काम आत्ताच कर. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज देऊन तुमच्याच जमिनीच्या टिपणाची आणि गुणाकार बुकाची नक्कल माग, एकत्रीकरण, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडणं, झालं असेल तर गट नकाशाचीही. फी भरली की मिळते. ती घेऊन वडिलांबरोबर शेतावर जा आणि कागदावरचा एकेक कोपरा जमिनीवर शोध. महाभूनकाशावर मोबाईलमध्ये गट दिसतो तोही बघ, पण हद्द त्यावरून ठरत नाही हे लक्षात ठेव, माणसं त्याच्यावरून शेजाऱ्याशी भांडतात. एका शेताचं टिपण तुला नीट लागलं ना की आयटीआयत साखळीचा धडा निघेल तेव्हा तू पुढं असशील.

टिपणाचा एवढा आग्रह का धरतो तेही सांगतो. नोकरीला लागून मला दीड-दोन वर्षं झाली होती. एका गावात हद्द कायम मोजणी, म्हणजे रेकॉर्डप्रमाणे हद्द दाखवून द्यायची, दोन शेजारी, वाद चारेक फुटांचा. बाभळीच्या बुडाशी मला दगड सापडला, जुना, शेवाळ धरलेला, मी त्याच्यावरून मोजणी बांधली आणि खुणा करून दिल्या. दुपारचं ऊन, दोन्हीकडची माणसं तापलेली, आणि मला निघायची घाई होती. तीन गावांच्या शिवेवरचा दगड जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होता, जुनी विहीर होती, ओढ्याचा कोपरा होता, टिपणाला आणि नकाशाला लावून बघायला ही सगळी ठिकाणं होती, मी नाही बघितली. एका पक्षाने निमताना केला, म्हणजे मोजणी मान्य नाही म्हणून वरिष्ठांकडून फेरमोजणी मागितली. निमताना मोजणीला वरिष्ठ आले, त्यांनी चारही बाजूंनी बांधून काढलं आणि माझी खूण पाच फूट चुकलेली निघाली. तो दगड कधीतरी नांगरताना निघून दुसरीकडं पुरला गेला होता. पण तोवर त्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी माझ्या खुणेवर भरवसा ठेवून बांधावरची शेवग्याची चार झाडं तोडली होती. ते मला एक शब्द बोलले नाहीत, चहा करून दिला. ती चार बुंधं अजून डोळ्यासमोर आहेत माझ्या. तेव्हापासून एका दगडावर मी कधी मोजणी बांधली नाही, कमीत कमी तीन-चार पक्की ठिकाणं एकमेकांशी जुळल्याशिवाय खूण करायचीच नाही, मग अंधार पडू दे की लोक ओरडू देत.

आणि बोलायला शीक. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस गेली का ते आधी बघायचं, नसेल तर मोजणी रेटायची नाही. शेतावर गेल्यावर ज्याने फी भरली त्याच्याच बाजूला उभं राहायचं नाही, दोघांचंही ऐकायचं, जबाब-पंचनाम्यात दोघांचं लिहायचं. रेकॉर्डची हद्द कुठली आणि वहिवाट कुठवर हे दोन्ही नकाशावर दाखवायचं, अतिक्रमण काढून द्यायचं काम आपलं नाही हे शांतपणे समजावून सांगायचं. बायका-माणसं रडतात, कधी शिव्या पडतात, बांध म्हणजे काय असतो ते शेतकऱ्याच्या पोराला मी काय सांगणार. तू त्यातलाच आहेस, हा तुझा फायदा आहे, तो जपून ठेव.

प्रश्न : माझा सिव्हिल डिप्लोमा झालाय, नाशिकमध्ये एका बिल्डरकडे साइटवर दोन वर्षं काम करतेय. घरचे म्हणतात सरकारी बघ पण मोजणीचं नको, मुलीचं काम नाही ते, रानावनात फिरायचं. भूमी अभिलेख, महापालिका, जिल्हा परिषद यात नेमका फरक काय, आणि फिल्डवर मुलींना खरंच अवघड जातं का?

उत्तर : ताई, साइटवर दोन वर्षं काढलीत म्हणजे उन्हाची आणि माणसांची सवय झालेली आहे, घरच्यांना आधी एवढंच सांगा. भूकरमापक मुली आता बऱ्याच तालुक्यांत आहेत, सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षणही आहे, आणि मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातल्या दोघींची टिपणं मी नवीन मुलांना नमुना म्हणून दाखवायचो, इतकी स्वच्छ.

अवघड काय जातं तेही लपवत नाही. सकाळी निघायचं, दिवसभर शेतात, बाथरूमची सोय नाही, आणि त्यापायी मुली पाणी कमी पितात आणि मग आजारी पडतात. हे मी पाहिलंय, म्हणून सांगतो, पाणी कमी करू नका, पोचल्या पोचल्या गावातली शाळा, अंगणवाडी किंवा ग्रामपंचायत कुठं आहे ते विचारून ठेवा, बायका घरात बोलावतात, संकोच करू नका. वादाच्या प्रकरणात तणाव दिसला तर पोलीस बंदोबस्ताची मागणी करता येते, ती लेखी करा आणि बंदोबस्त मिळेपर्यंत मोजणी पुढं ढकला, त्यात कमीपणा नाही. पायात उंच बूट, पावसाळ्यात तर नक्कीच.

फरकाचं म्हणाल तर भूमी अभिलेख हे राज्य सरकारचं खातं, काम हद्दीचं आणि रेकॉर्डचं, हद्द कायम, पोटहिस्सा, बिनशेती, भूसंपादन अशा मोजण्या. शहरात सिटी सर्व्हेचं मिळकत पत्रिकांचं काम. गावठाणांचं ड्रोनचं कामही याच खात्याकडं, स्वामित्व योजना २०२० मध्ये देशभर सुरू झाली पण पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने मोजणीचा प्रयोग त्याच्या आधीच झाला होता. जिल्हा परिषदेत तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकी सहायक व्हाल, तिथं सर्व्हे असतो पण तो रस्ता, बंधारा, शाळाखोली यांच्यासाठी, म्हणजे लेव्हल, एस्टिमेट, मोजमाप पुस्तक, हे तुम्हाला साइटमुळं ओळखीचं आहे. नगररचनेत रचना सहायक असतात, विकास आराखडा, झोन दाखले, बरंचसं काम टेबलावरचं. काही महापालिकांत सर्व्हेअरचं वेगळं पद असतं, रस्तारुंदीची आखणी वगैरे, पण जागा थोड्या निघतात. डिप्लोमावर या बहुतेक ठिकाणी फॉर्म भरता येतो, सगळीकडं भरा. पण मला विचाराल तर कागद वाचायची आवड असेल तर भूमी अभिलेख घ्या, बांधकामच आवडत असेल तर जिल्हा परिषद, आणि घरचे नको म्हणतात एवढ्या कारणाने मोजणी सोडू नका.

प्रश्न : मुलगा सर्व्हेअर आयटीआय पास आहे, फॉर्म भरलाय. ओळखीतला एक माणूस पाच लाख मागतोय, म्हणतो पेपरनंतर काम होईल, निम्मे आत्ता द्या. जमिनीचा तुकडा विकावा का?

उत्तर : दादा, एक रुपया देऊ नका, आणि जमीन तर अजिबात विकू नका. परीक्षा कॉम्प्युटरवर होते, गुणवत्ता यादी गुणांवर लागते. हा माणूस दहा जणांकडून पैसे घेतो, त्यातले दोघे आपल्या अभ्यासावर लागतात, त्यांना म्हणतो बघा मी लावलं, आणि बाकीच्यांना तारखा देत राहतो. मुलाला रोज चार तास अभ्यासाला बसवा, त्याला घरातलं दुसरं काम सांगू नका, एवढंच तुम्ही करू शकता आणि ते पुष्कळ आहे. आणखी एक, पैसे देऊन नोकरी लागते असं त्याच्या मनात बसलं ना की उद्या बांधावर तो ते पैसे वसूल करायला बघेल, आणि समोर तुमच्यासारखाच कोणीतरी जमीन विकायला निघालेला असेल. त्या माणसाने पुन्हा फोन केला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या नंबरवर कळवा, फोन फुकट लागतो.