करारात लिहिलेल्या कार्पेटपेक्षा फ्लॅट लहान भरला तर काय करता येते?

घोडबंदर रोडवरील आपल्या फ्लॅटचे कार्पेट (घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्रफळ) करारनाम्यात ६२५ चौरस फूट असताना मोजणीत ५९५ भरले आणि "एवढा फरक चालतो" असे सांगत बिल्डर ताबापत्रावर सही मागत आहे, असे आपण लिहिले आहे. सहीची घाई कृपया करू नका. करावीच लागली, तर "क्षेत्रफळाबाबतची हरकत व हक्क राखून" असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहूनच करा, कारण "क्षेत्रफळ तपासले, तक्रार नाही" हे वाक्य छापील ताबापत्रात पुष्कळदा आधीच घातलेले असते.

मात्र आधी मोजणी तपासून घ्या. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार घराच्या आतील भिंतींखालची जागा कार्पेटमध्ये धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरले जात नाहीत. खारघरचा माझा फ्लॅट मी स्वतः मोजला, तेव्हा एकेक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मापून बेरीज केली होती. नंतर आलेल्या आर्किटेक्टने किचन आणि बेडरूममधल्या भिंतीच्या जाडीवर टेप धरून दाखवले, की दहा फूट लांब आणि चार इंच जाडीची ती एकच भिंत तीन चौरस फुटांहून अधिक जागा घेते आणि ती माझ्या बेरजेत कुठेच नव्हती. त्यामुळे आर्किटेक्टचा सही-शिक्क्याचा अहवाल हाती असणे फार गरजेचे आहे.

महाराष्ट्राच्या रेरा नियमांतील नमुना करारनाम्यानुसार भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला, ओसी) मिळाल्यावर अंतिम कार्पेट कळवणे बिल्डरवर बंधनकारक आहे आणि फरकाला ३ टक्क्यांची मर्यादा आहे. तीन टक्क्यांपर्यंतचे पैसे बिल्डरने ठेवून घ्यावेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. जागा कमी भरल्यास जादा घेतलेली रक्कम करारातल्याच दराने, ती भरल्याच्या तारखेपासूनच्या व्याजासह, ४५ दिवसांत परत करायची असते. व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जावरील व्याजाचा बँकेचा आधारदर) अधिक २ टक्के. आपला फरक ३० चौरस फुटांचा, म्हणजे ४.८ टक्के आहे. चौरस फुटाला १२,५०० रुपये दर धरला तरी व्याज सोडून ३,७५,००० रुपये होतात. आपल्या करारात हे कलम कोणत्या शब्दांत आहे, ते अवश्य वाचा.

महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरील मंजूर नकाशाही पाहा. आपल्या संमतीशिवाय फ्लॅटचा नकाशा बदलला असेल, तर रेरा कायद्याच्या कलम १४ चा भंग हा स्वतंत्र मुद्दा होतो. बिल्डरला पोचपावतीसह लेखी नोटीस द्या. दाद न मिळाल्यास कलम ३१ खाली महारेराकडे तक्रार करता येते आणि दोन्ही बाजू तयार असतील तर तिथल्या सलोखा मंचाकडेही जाता येते. रेरामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तिथे तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि किंमत ५० लाखांहून अधिक व २ कोटींपर्यंत असल्यास तक्रार राज्य आयोगाकडे जाते.

माझा फरक सव्वादोन टक्क्यांचा निघाला आणि नोटिशीनंतर रक्कम व्याजासह परत मिळाली. आपला फरक मर्यादेबाहेरचा आहे, तेव्हा केवळ परताव्यावर तडजोड करण्यापूर्वी रेराच्या कलम १२ व १८ खाली नुकसानभरपाई मागता येईल का, हे रेराची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला कागद दाखवून विचारून घ्या.