सांगलीत गावभागातलं जुनं घर 24 लाखांत घेऊन, दुरुस्त करून भाड्याने दिलं तर परवडेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: विटांचं बैठं घर, मागे कौलारू पडवी, मालक तिघं भाऊ, किंमत 24 लाख. 18 लाख कर्ज काढायचं, 6 लाखांत दुरुस्ती करायची आणि भाड्यातून हप्ता भागवायचा. सोबत विचारलंय की घर बायकोच्या नावावर घ्यावं का. मी असंच एक पडकं घर मिरजेत घेतलं आणि आज ते भाड्याने आहे, म्हणून लिहितोय.

आधी हिशेब, कारण सगळं तिथंच अडतं. 18 लाखांवर साडेआठ टक्के, 20 वर्षं धरलं तर हप्ता 15,600 च्या आसपास. एका कुटुंबाला अख्खं घर दिलंत तर गावभागात नऊ-दहा हजारांच्या वर जाईल असं मला वाटत नाही. दोन भाग पाडून, दोघांना वेगळं संडास-बाथरूम आणि वेगळा मीटर दिलात तर तेरा-साडेतेरापर्यंत जाईल. म्हणजे भाड्यातून हप्ता निघत नाही. महिन्याला दोन-अडीच हजार खिशातून, वर घरपट्टी, आणि मधे एखादा महिना घर रिकामं राहणार ते वेगळंच. किमतीतले उरलेले सहा लाख आणि दुरुस्तीचे सहा लाख, तुमच्या हिशेबाने, तुमचेच. शिवाय 24 लाखांवर मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत साधारण 6 टक्के आणि नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 1 लाख 68 हजार. वकील आणि एजंट धरून दोन लाख समजा. हे दोन लाख बँक देत नाही, हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येतं.

बँकेचंही गणित समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देता येतं, पण किंमत कोणती? बँकेचा व्हॅल्युअर पन्नास वर्षांच्या बांधकामाची घट काढतो, तेव्हा उरते ती मुख्यतः जागेची किंमत. व्हॅल्युएशन आणि करारातली रक्कम यात जी कमी, तिच्यावर कर्ज. बांधकामाचं उरलेलं आयुष्य कमी दिसलं तर मुदतही वीसची पंधरा वर्षं करतात आणि हप्ता वाढतो. त्यात मालकाने "पाच लाख रोख द्या, कागदावर एकोणीस दाखवू" म्हटलं तर सरळ नाही म्हणा. कर्ज तेवढं घटतं, आणि स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हे मालकाला शांतपणे सांगितलं की बऱ्याचदा तोच मागे सरतो. खरेदी आणि दुरुस्ती मिळून एकच कर्ज मागा. इंजिनिअरचं एस्टिमेट जोडलं की दुरुस्तीची रक्कम कामाप्रमाणे टप्प्याटप्प्याने मिळते. पतसंस्था आठवड्यात पैसे देते म्हणून तिकडे वळू नका, व्याजात सगळं भाडं जाईल.

आता गावभाग, म्हणजे सांगलीची नदीकाठची जुनी वस्ती, म्हटलात म्हणून मुद्दाम: पूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 मध्ये पुन्हा आलं. त्या घरात किती आलं होतं ते मालकाला विचारू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. आणि भिंत बघा. जमिनीपासून एका ठरावीक उंचीपर्यंत रंग फुगलेला, पांढरा खार फुटलेला, त्यावर अगदी सरळ रेघ दिसली की तेच पुराचं माप. नुकताच रंग काढलेला असेल तर कपाट, देव्हाऱ्याचं फळकूट सरकवायला लावा, त्यामागे रंग मारलेला नसतो. जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा महापालिकेच्या नगररचना विभागात बघायला मिळते. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा "नाहीच जमलं तर पाडून नवीन बांधू" हा तुमचा दुसरा मार्ग तिथे जवळजवळ बंद समजा. रेषेबाहेर असलात तरी गावठाणातल्या अरुंद जागेत नव्या बांधकामाला सामासिक अंतरं, म्हणजे बाजूंनी मोकळी जागा, सोडावी लागतात आणि घर लहान होतं. गिलावा, फरशी, कौलं यांना परवानगीची कटकट नसते. भिंत किंवा स्लॅबला हात लावायचा तर आधी महापालिकेत विचारा.

कागदांत मला एका गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. मालक तिघं भाऊ म्हणता, बहिणी किती? 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, आणि वडील 2005 च्या आधी वारले असले तरी तो जन्मानेच मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. "बहिणींचं काही म्हणणं नाही" हे तोंडी चालत नाही. एकतर खरेदीखतावर सह्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. मी घेतलेल्या घरात एक बहीण हुबळीला दिलेली होती. ती येऊन सही करेपर्यंत मी इसार वाढवला नाही. एजंट रोज फोन करून वैतागला होता, वैतागू दिलं. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, तिच्यावरचा सत्ता प्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने आहे ते, वकिलाला दाखवा, नोंदणी दप्तरात तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च घ्या, पेपरला जाहीर नोटीस द्या. महावितरणची आणि घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी खरेदीआधी निल करून घ्या.

आणि पडवीत कोणी राहतंय का? पन्नास रुपये भाडं देणारी एखादी म्हातारी असली तरी भाडे नियंत्रण कायद्याने तिला संरक्षण आहे, आणि घर घेतलंत की ती तुमची भाडेकरू होते. "नंतर काढून देतो" वर विश्वास ठेवू नका. जागा मोकळी झाल्यावरच खरेदीखत.

दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर, कारण सहा लाख कुठे जातात ते कळायला हवं. घर बघायला जाताना छोटा हातोडा न्या. स्लॅबखाली उभं राहून दांड्याने हलकं ठोकत जा; घट्ट जागी टणटण येतं, गिलावा सुटला असेल तर डबडब. बाथरूम आणि गच्चीच्या पाइपाखाली हमखास डबडब येतं. आत सळई गंजून फुगलेली असते आणि तीच सिमेंटला खाली ढकलते. तिथे नुसतं प्लॅस्टर ऑफ पॅरिस लावून रंग काढला तर एका पावसाळ्यात पोपडे येतात. नीट काम म्हणजे सुटलेलं सगळं फोडायचं, सळई तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करायची, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर घातलेल्या मालाने भरायचं. सळई निम्मी झिजलेली दिसली तर मिस्त्रीवर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आणि हे सगळं खालून करायच्या आधी वरून गच्चीचा कोबा. क्रम उलटा झाला की पैसे दोनदा.

विटांची भिंत मातीच्या जुडाईत असेल तर तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू नका, आतली ओल कोंडते. चुन्याचा गिलावा करणारा जुना मिस्त्री कुरुंदवाड, तासगाव बाजूला अजून सापडतो. वायरिंग पूर्ण नवीन, अर्थिंग आणि ईएलसीबीसह (वीज गळाली की पुरवठा तोडणारं बटण). यात काटकसर नको. ड्रेनेज लाइनही तोडून नवीन. फोडाफोडी रोजंदारीवर द्या, कारण आत काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं आणि ठोक रकमेत काम अंगावर घेतलेला माणूस ते झाकून टाकतो. फरशी-रंग मात्र फुटाच्या दराने. माझ्या साधारण नऊशे चौरस फुटांना सव्वासात लाख गेले, आणि त्यात किचन ट्रॉल्या वगैरे काही नाही. भाडेकरू ट्रॉल्यांचे पैसे देत नाही, पाण्याची टाकी मोठी असल्याचे देतो.

मिरजेत माझं जमलं त्याचं मोठं कारण दवाखाने. मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या काळापासून तिथं बाहेरगावचे पेशंट येतात, वर सरकारी मेडिकल कॉलेज. नर्स, शिकाऊ डॉक्टर यांना बारमाही खोली लागते. गावभागात तुमचा भाडेकरू कोण, हे आधी दोन एजंटांकडून काढा.

भाड्याने देताना "अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला" असं सगळेच म्हणतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कितीही मुदतीचा असो, नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची. न केल्यास 5 हजारांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. उद्या वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, हे त्याहून वाईट. ऑनलाइन होतं, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. पोलिसांना भाडेकरूची माहितीही द्या.

कराचं थोडक्यात: भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यातून 30 टक्के सरसकट वजा, मग कर्जाचं व्याज वजा. तुमच्या आकड्यांत पहिली काही वर्षं तोटाच दिसेल. जुन्या करप्रणालीत तो वर्षाला 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत होत नाही.

माझं मत: 24 ला घेऊ नका. पुराची रेघ नसेल, बहिणींच्या सह्या मिळत असतील आणि मालक एकोणीस-वीसला येत असतील तर घ्या. रेघ दिसली तर सोळालाही नको, कारण पूर येईल तेव्हा भाडेकरू जाईल आणि दुरुस्ती पुन्हा तुमच्याच गळ्यात.

वहिनींच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, म्हणजे 24 लाखांवर 24 हजार वाचतील. नंतर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जुनी अटही 2023 मध्ये काढली. फक्त पैसे तुमचे असतील तर भाडं तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल, त्यामुळे करात फायदा नाही. आणि वहिनींचं स्वतंत्र उत्पन्न नसेल तर कर्जात तुम्हाला सहकर्जदार व्हावं लागेल. तेव्हा नाव ठरवायच्या आधी बँकेत एकदा बोलून घ्या.