गाभोळी भरते तेव्हाच फॉस्फेटेज का पडतं?

तुमचा प्रश्न असा: वर्षभर दर महिन्याला माशांच्या अंडाशयातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (अल्कधर्मी माध्यमात रेणूंवरचा फॉस्फेट तोडणारं एन्झाइम) मोजलं, अंडाशय वाढू लागलं तसा आकडा चढला आणि गाभोळी गच्च भरली त्याच महिन्यात कोसळला. प्रयोग फसला का?

बहुधा नाही. आधी तुमच्या भागाकाराचा छेद, म्हणजे खालचा आकडा, तपासा. सक्रियता तुम्ही दर मिलिग्रॅम प्रथिनामागे काढली आहे. वीण जवळ येते तसं यकृतात बनलेलं व्हायटेलोजेनिन रक्तातून येऊन अंड्यांत साठतं, आणि तेही प्रथिनच. अंश होता तेवढाच राहिला तरी छेद फुगल्यावर उत्तर खाली येणारच. त्यात हे एन्झाइम मुख्यतः पेशींच्या पटलांवर असतं. अंडं मोठं होतं तसा त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो, म्हणून दर ग्रॅममागचा आकडाही घसरू शकतो. दर ग्रॅमची सक्रियता गुणिले अंडाशयाचं वजन, असा प्रत्येक मादीचा एकूण आकडा काढा. तोही पडला, तर घट खरी माना.

आता बफर, म्हणजे चाचणीत आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण. फॉस्फेट बफर वापरला असेल तर सगळंच बाद, कारण फॉस्फेट स्वतःच या एन्झाइमला अडवतं. ईडीटीए (धातूंना पकडून ठेवणारं रसायन) घातलं असेल तर ते एन्झाइमला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियम पळवतं. माझा एक अख्खा हंगाम असाच फॉस्फेट बफरात बुडाला. बाटली मीच भरली होती, त्यामुळे दोष द्यायलाही कुणी नव्हतं.

आम्ल माध्यमात चालणाऱ्या अॅसिड फॉस्फेटेजचं गणित वेगळं. ते लायसोसोममधलं, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांमधलं. वीण झाल्यावर रिकामी पुटकं (अंड्यांभोवतीची पेशींची वेष्टनं) आणि न सुटलेली अंडी शरीर पुन्हा शोषून घेतं, तेव्हा ते वाढलेलं दिसलं तर नवल नाही. नरातही उरलेले शुक्राणू वृषणातल्या सर्टोली पेशी गिळतात, तिथेही हेच. पण लायसोसोम म्हणजे फक्त मोडतोड असं समजू नका. अंड्यात आलेल्या व्हायटेलोजेनिनचे तुकडे करून पीतक (अंड्यातला बलक) तयार करणारं कॅथेप्सिन डी त्याच गोतावळ्यातलं आहे, आणि त्याचं काम अंडी भरतानाच चालतं.

स्टिरॉइड संप्रेरकं बनवणारी एन्झाइमं मोजणार असाल तर महिन्याची चाळण फार मोठी पडेल. पीतक भरताना अॅरोमॅटेज टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिओल करतं. अंडी पक्व व्हायची वेळ आली की ते उतरतं आणि सामनच्या कुळात २०-बीटा-हायड्रॉक्सिस्टिरॉइड डिहायड्रोजनेज हे दुसरं एन्झाइम पुढे येतं. त्यातून बनणारं पक्वतेचं स्टिरॉइड नागाहामा आणि अदाची या जपानी संशोधकांनी १९८५ साली आमागो सामनमध्ये ओळखलं. ही अदलाबदल दोन नमुन्यांच्या मधल्या दिवसांत सहज उरकून जाते आणि तुमच्या आलेखावर तिचा मागमूसही राहत नाही.

एक हट्ट मात्र धरा: आलेखाच्या आडव्या अक्षावर महिना नको, अंडाशयाच्या वाढीची अवस्था टाका. एकाच दिवशी, एकाच जाळ्यात आलेल्या दोन माद्या वेगवेगळ्या अवस्थेत असू शकतात. टप्प्याटप्प्याने अंडी घालणाऱ्या जातीत तर एकाच अंडाशयात सगळ्या अवस्थांची अंडी सापडतात. म्हणून प्रत्येक अंडाशयाची एक फोड सूक्ष्मदर्शकाखाली अवस्था पाहायच्या पातळ कापांसाठी वेगळी ठेवा, उरलेली लगेच गोठवा.

अंडाशयांची वजनं आणि बफरची कृती इथे टाका, मग पाहू.