केस गळले नाहीत, म्हणजे औषध लागू पडत नाही का?

कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करताना काही प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. अलीकडे त्यांतला एक मी फार वेळा ऐकते : "मला फारसा त्रास होत नाही. औषध आत पोहोचतंय ना?" औषध शरीरात कशातून न्यायचे आणि कुठे सोडायचे याची तंत्रे बदलली, त्यामुळे काही औषधांचे दुष्परिणामही बदलले, पण केमोथेरपी म्हणजे टक्कल आणि उलट्या हे आपल्या मनातले चित्र मात्र जुनेच राहिले. ओळख पटू नये इतके तपशील बदलून एका बाईंची हकिकत येथे सांगते, कारण या प्रश्नाच्या तळाशी काय असते ते मला त्यांच्यामुळे कळले.

वय पन्नाशीच्या पुढचे. अंडाशयाचा कर्करोग उलटला होता आणि त्यावर दर चार आठवड्यांनी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध चालू होते. त्यांची झोप उडाली होती, आणि सकाळी उठल्याबरोबर त्या केस ओढून पाहत, म्हणून मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. त्यांच्या थोरल्या बहिणीला काही वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता आणि तिच्या उपचारांतही डॉक्सोरुबिसिन होते. पहिल्या काही आठवड्यांतच तिचे सगळे केस गेले, तोंड सोलून निघाले, आणि ती बरी झाली.

"तेच लाल औषध, मॅडम. ताईच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता आणि माझी वेणी आहे तशी आहे. मग माझ्या सलाईनमध्ये आहे तरी काय?"

घडलेल्या गोष्टीपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ माणसाला अधिक छळतो, असे मी मानत आले आहे. परंतु जिथे माहितीच अपुरी आहे तिथे अर्थाची चर्चा करणे हा रुग्णाचा अवमान होतो, असेही माझे मत आहे. म्हणून त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून मी आधी औषधच नीट समजून घेतले आणि पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर कागदावर काढून दाखवले.

औषध तेच, वाहन वेगळे. साधे डॉक्सोरुबिसिन शिरेतून दिले की थोड्याच वेळात शरीरभर पसरते आणि भराभर विभागणाऱ्या पेशींवर आघात करते. त्यांत कर्करोगाच्या पेशी असतात, तशाच केसांच्या मुळांच्या आणि तोंडाच्या अस्तराच्याही असतात. एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाच्या स्नायूलाही इजा होऊ शकते. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाची अतिसूक्ष्म पिशवी, साधारण १०० नॅनोमीटर रुंदीची. अशा शेकडो पिशव्या शेजारी शेजारी मांडाव्यात तेव्हा कुठे एका केसाची जाडी भरेल. औषध या पिशवीत बंद असते आणि पिशवीवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण असते, त्यामुळे शरीरातल्या संरक्षक पेशींच्या ती लवकर लक्षात येत नाही आणि काही दिवस रक्तात फिरत राहते. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, सैल विणीच्या असतात. त्यांतून अशा पिशव्या गाठीत झिरपतात आणि तिथला निचरा चांगला नसल्याने रेंगाळतात. जपानमध्ये माएदा आणि मात्सुमुरा यांनी १९८६ मध्ये ही गोष्ट मांडली; या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे ज्याला त्या 'नवीन, सौम्य' समजत होत्या, ते औषध तीन दशके वापरात होते. केसांची मुळे त्यातून पुष्कळशी वाचतात, कारण मोकळे औषध त्यांच्यापर्यंत कमी जाते.

त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले, दोन नेमके प्रश्नही विचारले. पुढच्या भेटीत मात्र म्हणाल्या, "समजलं सगळं. पण मनाला पटत नाही." हे वाक्य मी कधीच दुर्लक्षून पुढे जात नाही. समजून पटत नाही, तेव्हा माहितीच्या खाली दुसरेच काहीतरी असते.

ते तिसऱ्या भेटीत दिसले. एका कागदावर सही करताना त्यांनी पेन बोटांच्या टोकांत, चिमटीत धरले होते. मी हात पाहू दे म्हटले. तळवे लालबुंद होते, एका ठिकाणी कातडी सुटत आली होती.

"कधीपासून?"

"दुसऱ्या डोसनंतर. पावलंही तशीच आहेत."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मुलगी शेजारी बसली होती. तिलाही ठाऊक नव्हते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "सांगितलं तर औषध कमी करतील. आणि खरं सांगू? हात जळायला लागले तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आत काहीतरी होतंय."

मी लगेच काही बोलले नाही. 'असे करू नका' हे माझ्या ओठांवर आले होते. ते बोलले असते तर त्यांनी हात पुन्हा झाकून घेतले असते.

"तुमचा आजार कुठे आहे?" मी विचारले.

"पोटात."

"तळहातात आहे?"

"नाही."

"मग हातांची ही आग म्हणजे औषध पोहोचल्याची खूण, की वाट चुकल्याची?"

त्या हातांकडे पाहत राहिल्या. मग आवाज फुटला तो वेगळाच. "ताईनं इतकं सोसलं, मॅडम. काहीच न सोसता मी कशी बरी होईन?"

प्रश्न नॅनोमीटरचा नव्हता, हे मला त्या क्षणी कळले. बहिणीने जे भोगले ते त्यांच्या लेखी बरे होण्याचे मोल होते, आणि ते न देता सुटणे म्हणजे बहिणीशी बेइमानी. केस गळत नव्हते, म्हणून त्यांनी हातांचे दुखणे जपून ठेवले होते. वेदना लपवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण वेदनेचा आधार वाटतो म्हणून ती लपवली जाते, हे इतके स्वच्छ मी पूर्वी ऐकले नव्हते. वाट चुकल्याचा तो प्रश्न मी तेव्हापासून अनेकांना विचारला आहे, आणि बहुतेक वेळा त्यानंतरच खरे बोलणे सुरू झाले आहे.

असे ज्यांना वाटते, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की दुष्परिणाम हे औषधाच्या गुणाचे माप नव्हे. गुण येतो आहे की नाही ते स्कॅन, तपासणी आणि काही आजारांत रक्तातल्या खुणा सांगतात. अंडाशयाच्या कर्करोगात बहुधा सीए-१२५ पाहतात. तळहात-तळपाय जळणे हा या पिशवीबंद औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. दाब आणि घर्षण जिथे जास्त, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून औषध पाझरते, असे मानले जाते. म्हणून गरम पाणी, घट्ट पादत्राणे आणि हातांवर ताण येणारी कामे टाळायला सांगतात. लालसरपणा दिसताच सांगितले तर डोस लांबवून किंवा थोडा घटवून उपचार पुढे नेता येतात. लपवले तर कातडी फाटून ते थांबवायची वेळ येऊ शकते. डोस घटवणे म्हणजे हार मानणे, हा समज रुग्णांपेक्षा नातेवाइकांत अधिक घट्ट असतो, असा माझा अनुभव आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच धोक्याची आहे. प्रतिपिंडाला औषध जोडून ते कर्कपेशीपर्यंत नेणारे उपचार आता काही स्तनकर्करोगांत दिले जातात. 'हे नेमके गाठीवरच जाते' असे ऐकून कुणी खोकला अंगावर काढतो, दम लागला तर थकवा म्हणून सोडून देतो. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनसारख्या औषधात फुप्फुसाला सूज येऊ शकते आणि ती वेळेवर कळणे अत्यावश्यक असते. कोणतेही वाहन आजवर केवळ गाठीपुरते गेलेले नाही. २०१६ मध्ये प्राण्यांवरील दहा वर्षांतल्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी, म्हणजे लायपोसोमसारख्या अतिसूक्ष्म वाहनांपैकी, मधला आकडा (मीडियन) पाहता फक्त ०.७ टक्के गाठीत पोहोचल्याचे दिसले. हा आकडा मी कुणालाही घाबरवण्यासाठी सांगत नाही. एवढ्यावरही ही औषधे गुण देतात, आणि उरलेला भाग शरीरात इतरत्र जातो म्हणूनच शरीर जे सांगते ते डॉक्टरांपर्यंत नेणे हा उपचाराचाच भाग आहे.

बाईंनी त्याच दिवशी डॉक्टरांना हात दाखवले. पुढचा डोस दोन आठवडे लांबला आणि थोडा कमी केला गेला. त्यानंतरच्या भेटीला त्या बहिणीला घेऊन आल्या. धाकटीच्या मनातले ऐकून थोरली बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "माझे केस गेले ते मी काही देवाला दिले नव्हते गं. माझा इलाज नव्हता." दोघीही रडल्या, आणि मी मध्ये बोलले नाही.

कंगव्यात किती केस आले ते अजूनही त्या रोज मोजतात. आता मोजून झाल्यावर मुलीला सांगतात, आणि हातही दाखवतात.