बाळ सांभाळू की अख्खा बंगला?

प्रश्न: ताई, मी सांगलीत विश्रामबागला एका बंगल्यात बाळ सांभाळते. ठरलेलं ९ ते ६, पण आता पाहुण्यांची भांडी मीच, कुत्रं फिरवायचं मीच आणि बाळ जरा रडलं की मॅडम कॅमेऱ्यात बघून लगेच फोन करतात. पगाराचं काढलं की गप्प. सोडवत पण नाही, पोराला माझा लळा लागलाय.

उत्तर: अगं, लळ्याचं त्यांनाही ठाऊकाय, म्हणून तर गप्प बसतात! बाळाचं दूध, अंघोळ, कपडे तुझं काम, कुत्रं नाही. पाहुणे नसताना शांतपणे बोल आणि ठरलेलं काम, वेळ, जादा कामाचे पैसे व्हॉट्सॲपवर टाकून ठेव, तोंडी बोललेलं ही मंडळी सोयीनं विसरतात. शिवाय २००८ च्या कायद्यानं घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ आहे, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात नोंदणीची चौकशी कर. आणि दुसरं घर आत्तापासूनच बघायला लाग.