समुद्रकिनाऱ्यावरच्या मोफत डीजे पार्टीला खरंच एवढी गर्दी होते का? आठ वर्षांच्या मुलाला नेलं तर चालेल का?

होते. मी २००२ साली इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर फॅटबॉय स्लिम या डीजेच्या 'बिग बीच बुटीक' नावाच्या फुकट पार्टीला होते, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय. मुलाचं शेवटी बोलते.

फॅटबॉय स्लिम म्हणजे नॉर्मन कुक, त्याच भागातला रहिवासी. आदल्या वर्षी त्याने तिथेच असा फुकट कार्यक्रम केला होता आणि तो छान झाला होता, त्यामुळे या दुसऱ्या कार्यक्रमाची हवा आधीपासूनच होती. १३ जुलै, शनिवार आणि लख्ख ऊन. लंडनहून ब्रायटन ट्रेनने तासाभरावर. आणखी काय हवं! आयोजकांनी धरले होते साठ हजार. आले अडीच लाखांच्या आसपास. ब्रायटन आणि होव्ह मिळून तेव्हाची लोकवस्तीच जेमतेम तेवढी होती.

मी ससेक्स विद्यापीठात शिकत होते, राहायला ब्रायटनच्या वेशीवरच्या फाल्मरला. ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आम्ही मैत्रिणी लुईस रोडने सरळ चालत निघालो. रस्ताभर माणसंच माणसं, हातात बिअरच्या पिशव्या, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. वातावरण मात्र एकदम खेळीमेळीचं. धक्का लागला की समोरचाच सॉरी म्हणायचा.

आता जागा कशी आहे ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. ब्रायटनला वाळू नाही, गोटे आहेत. बटाट्याएवढे, पायाखाली सरकणारे, आणि किनारा पाण्याकडे चांगलाच उतरता. मागे उंच भिंत, भिंतीवर मोठा रस्ता, आणि वर चढायला मोजके जिने नि उतार. म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मध्ये आपण. संगीत सुरू झालं तेव्हा बेसचा दणका गोट्यांमधून तळपायांना जाणवत होता. ते सुख मी नाकारणार नाही. दोन्ही हात वर करून नाचणारी एवढी माणसं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

मग भरती आली. पाण्याजवळचे लोक मागे सरकायला बघत होते, पण मागच्यांना ते कळतच नव्हतं. त्यांना फक्त पुढून रेटा येतोय एवढंच कळत होतं, आणि ते उलट रेटत होते. एक मुलगा गुडघाभर पाण्यात, बूट गळ्यात अडकवून नाचत होता. आम्ही हसलो. थोड्या वेळाने त्याच्या आजूबाजूला बरेच जण तसेच पाण्यात उभे होते आणि त्यांतले सगळेच काही हौसेने उतरले नव्हते. काही पोरं दिव्याच्या खांबांवर चढली होती. गोट्यांमध्ये फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, आणि संडासांच्या रांगेबद्दल न बोललेलंच बरं. आम्ही संपायच्या बऱ्याच आधी कडेकडेने जिना गाठला, तरी वर पोचायला जीव मेटाकुटीला आला.

त्या रात्री शंभराहून जास्त लोक जखमी झाले. वरच्या रस्त्याच्या कठड्यावरून पडलेली एक तरुणी दगावली. परतीच्या ट्रेनना एवढी माणसं झेपणं शक्यच नव्हतं, त्यामुळे कित्येकांनी रात्र किनाऱ्यावर आणि रस्त्यांवर काढली. त्यानंतर तिथे असा खुला कार्यक्रम झाला नाही. २००७च्या १ जानेवारीला तो परत आला तो तिकीट लावून, तेही मर्यादित.

माझ्या मते त्या दिवशी लोक वाईट नव्हते, मोजणी नव्हती. तिकीट नाही म्हणजे किती येणार हे कुणालाच माहीत नाही, आणि साठ हजार झाले म्हणून बंद करायला फाटकही नाही. संध्याकाळी कार्यक्रम थांबवावा म्हटलं, तर एवढा जमाव एकदम त्याच जिन्यांवर जाणार. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरही लाखो लोक असतात, पण तिथे बॅरिकेड, जीवरक्षक, पोलीस आणि वर्षानुवर्षांची सवय असते, शिवाय गणपती बुडवला की माणूस घरी जातो. इथे आलेला प्रत्येक जण शेवटपर्यंत थांबायलाच आलेला असतो.

तेव्हा मुलाला नेऊ नका. आठ वर्षांच्या पोराला गर्दीत माणसांच्या कमरा तेवढ्या दिसतात, आणि खांद्यावर घेतलंत तर सरकत्या जमिनीवर तुमचाच तोल जाईल. तुम्ही दोघं मोठे जाणार असाल तर खुशाल जा. आधी त्या दिवशीची भरतीची वेळ बघून ठेवा, पाण्याच्या बाजूला न जाता जिन्याजवळची कड धरा, पायात चप्पल नको, बंद बूट घाला. फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, आणि ते ठिकाण किनाऱ्यावर नको, वरच्या रस्त्यापासूनही दोन गल्ल्या आत असू द्या.